व्हिएन्नातली कॉफी, केक आणि मावशीची शिवणाची नजर

गुरुवार

व्हिएन्नाला जायचं ठरलं तेव्हा मावशीनं एकच अट घातली, राजवाडे एखाद-दुसरे बाहेरून दाखव, मला लोक बघायचेत. मावशीनं आयुष्यभर शिवणाचे क्लास घेतलेत त्यामुळे कुठंही गेलं तरी तिला आधी अंगावरचा कपडा दिसतो आणि मग माणूस. मला केक दिसतात. त्यामुळे प्लॅनिंग असं काही केलंच नाही, रोज एखाद-दोन कॅफे, मधे भरपूर चालणं आणि चालताना जे दिसेल ते, बस्स.

रूम नॉयबाउ भागात घेतली होती, म्हणजे शहराचा सातवा जिल्हा, ४९ नंबरची ट्राम खालून जाते. बॅगा टाकल्या आणि चालतच कॅफे श्पेर्लला गेलो. हा १८८० पासूनचा. उंच छत, मोठ्या खिडक्या, पाय टाकला की बोलणारी लाकडी फरशी, आत बिलियर्डची टेबलं आणि त्यातल्या एका टेबलावर खेळ वगैरे काही नाही, वर्तमानपत्रं पसरलेली. कुणीही उठायचं, हवा तो पेपर घ्यायचा आणि आपल्या जागेवर येऊन वाचायचा. काही पेपर लाकडी दांडीत अडकवलेले असतात, म्हणजे पानं उलटताना चुरगळत नाहीत. वाचणाऱ्याची किती काळजी!

मी मेलांज मागवली. मेलांज म्हणजे कॉफी, गरम दूध आणि वर दुधाचा फेस, कॅपुचिनोच्या जवळची पण जरा सौम्य. काळ्या सुटातला वेटर धातूचा छोटा ट्रे घेऊन आला, त्यावर कप, साखर आणि एक पाण्याचा ग्लास, ग्लासवर चमचा पालथा ठेवलेला. इथं कॉफीसोबत पाणी येतंच, मागावं लागत नाही. आणि ते नळाचं पाणी असतं! पण नळाचं म्हणजे काय तर थेट आल्प्सच्या झऱ्यांचं, राक्स आणि श्नेबेर्ग डोंगरांकडून पाणी आणणारी पहिली लाइन १८७३ मध्ये सुरू झाली, दुसरी १९१० मध्ये, आणि अजूनही शहर त्यावरच चालतं. गार आणि इतकं स्वच्छ चवीचं की मावशी कॉफीच्या आधी पाणीच पिऊन बसली.

आता खरी गंमत. कॉफी संपली, केक संपला, तरी कुणी बिल आणून ठेवेना. मावशी सारखी दाराकडं बघत होती, लोक येताहेत, आपण उठावं का. पण कुणालाच आपण उठावं असं वाटत नव्हतं. इथली पद्धतच ही आहे, बिल तुम्ही मागायचं, तोपर्यंत ते टेबल तुमचं. एका कॉफीवर तास काढा, दोन काढा, पेपर वाचा, पत्र लिहा, नुसतं खिडकीबाहेर बघा. सहा-सात युरोला कॉफी म्हणलं की आधी महाग वाटते पण त्यात ती जागा, तो वेळ, ते पेपर, ते पाणी सगळं आलं. माझ्या मते जगात इतक्या स्वस्तात इतका निवांतपणा कुठं मिळत नसेल. व्हिएन्नाची ही कॉफीहाऊस संस्कृती २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेली आणि तिथं अर्धा दिवस बसल्यावर ते अगदी पटतं.

पलीकडच्या टेबलावर एक आजी. पंच्याहत्तरच्या पुढच्या असतील. करडा लोकरीचा स्कर्ट, क्रीम ब्लाउज, गळ्याशी ब्रोच, केस नीट बसवलेले, समोर स्ट्रुडेल, म्हणजे पातळ पिठात सारण गुंडाळून भाजलेला गोड पदार्थ, आणि पेपर. मावशी हळूच म्हणाली, "अगं, कुणीतरी भेटायला येणार असेल यांना." कुणी आलं नाही. त्यांनी सावकाश स्ट्रुडेल खाल्लं, पेपरची मागची पानं वाचली, वेटरशी दोन वाक्यं बोलल्या, कोट चढवला आणि गेल्या. साध्या गुरुवारी दुपारी एकटीनं कॉफी प्यायला त्या एवढ्या नीट तयार होऊन आल्या होत्या. मावशी कितीतरी वेळ त्याच विचारात. मग म्हणाली, "स्कर्टची तुरपाई हाताची होती, बघितलीस?" मी कशाला बघतेय.

शुक्रवार

आज जुन्या शहरात, म्हणजे पहिल्या जिल्ह्यात. सकाळी रिमझिम होती. हेरेनगासेवर कॅफे सेंट्रलसमोर छत्र्यांची मोठी रांग, हे १८७६ चं, फेर्स्टल पॅलेसच्या इमारतीत, आत चर्चसारखे खांब आणि कमानी. रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की इथं बुद्धिबळ खेळायला यायचा. आम्ही काचेतून डोकावलो आणि पुढं गेलो, रांगेत उभं राहण्यापेक्षा मला तो वेळ डेमेलला द्यायचा होता.

डेमेल १७८६ चं. एकेकाळी राजदरबाराला मिठाई पुरवणारं दुकान, कोलमार्क्ट नावाच्या रस्त्यावर, राजवाड्यापासून दोन मिनिटांवर. आत काचेमागं भटारखाना दिसतो, पांढऱ्या टोप्यांतली पोरं-पोरी केकवर चॉकलेट ओतताहेत, स्ट्रुडेलचं पीठ ताणताहेत. ते पीठ इतकं पातळ ताणतात की खालचं दिसावं, आणि मावशी ते बघताना अगदी गप्प. कापड असो की पीठ, ताण सगळीकडून सारखा पडला पाहिजे नाहीतर फाटतं, असं तिचं म्हणणं. काउंटरवर साखरेत घोळवलेली व्हायोलेटची फुलं पण होती, खरीखुरी फुलं, ती एका डबीत घेतली.

आता झाखर टोर्टबद्दल. गोष्ट अशी सांगतात की १८३२ मध्ये मेटर्निख ह्या बड्या ऑस्ट्रियन मुत्सद्द्याच्या घरी पाहुणे होते, मुख्य आचारी आजारी, आणि फ्रान्झ झाखर नावाच्या सोळा वर्षांच्या शिकाऊ पोरानं हा चॉकलेट केक केला. पुढं त्याचा मुलगा एडुआर्ड डेमेलमध्ये शिकला आणि त्यानं १८७६ मध्ये हॉटेल झाखर काढलं. मग विसाव्या शतकात हॉटेल झाखर आणि डेमेल कोर्टात गेले, खरा केक कुणाचा यावरून! वाद कशावर, तर जर्दाळूचा जॅम केकच्या मधोमध पण घालायचा का नुसता वरच्या चॉकलेटखाली. १९६३ मध्ये तडजोड झाली, "ओरिगिनाल" हा शब्द हॉटेलला मिळाला. हॉटेलच्या केकमध्ये जॅमचे दोन थर, मधे एक आणि चॉकलेटच्या खाली एक, आणि डेमेलच्या केकमध्ये फक्त चॉकलेटच्या खाली.

काही लोकांना हे हास्यास्पद वाटेल पण मला फार आवडलं. एका केकमधल्या जॅमच्या जागेवरून माणसं वर्षानुवर्षं भांडली म्हणजे त्यांना तो केक किती मनापासून महत्त्वाचा वाटत असेल! आम्ही सकाळी डेमेलचा खाल्ला आणि दुपारी झाखरचा, एकाच दिवशी, म्हणजे चव जिभेवर ताजी राहते. केक मुळातच जरा कोरडा असतो म्हणून सोबत बिनसाखरेचं फेटलेलं क्रीम देतात, ते बाजूला सारायचं नाही, प्रत्येक घासाला थोडं घ्यायचं. जाड चॉकलेटचा थर दाताखाली किंचित कुरकुरतो, मग आंबटसर जॅम, मग गार क्रीम. मला मधला जॅमवाला आवडला, मावशीला डेमेलचा. तिचं म्हणणं, मधे थर नसल्यामुळे केकची स्वतःची चव कळते.

दोन्हीच्या मधे ग्राबेन नावाच्या रस्त्यावर मावशीचं देवदर्शन झालं. क्निझे. पुरुषांच्या कपड्यांचं टेलरिंगचं दुकान, १८५८ पासूनचं, आणि ते आतून-बाहेरून डिझाइन केलंय वास्तुकार आडोल्फ लोसनं, १९१० ते १३ च्या दरम्यान. बाहेर काळा ग्रॅनाइट, अरुंद दार, बाकी काही झगमग नाही. लोसचं मत असं की चांगला कपडा घातलेला माणूस गर्दीत उठून दिसत नाही, कपडा नेमका असला की झालं. हे मी मावशीला सांगितलं तर ती काचेतल्या एका जॅकेटसमोर उभी राहून खांदा बघत बसली. "बाईचा असो की बुवाचा, कोट खांद्यावर बसला की निम्मं काम झालं. मुंढा बघ किती वर घेतलाय, हात उचलला तरी कोट उचलला जाणार नाही." मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, वर घेतला की बाही हलते पण अंग हलत नाही, हे मला पहिल्यांदा कळलं. नंतर ट्रामच्या दांडीला धरून उभ्या असलेल्या लोकांचे कोट बघायची सवयच लागली. खरंच, इथले कितीतरी जुने कोट असे की हात वर केला तरी खालची कड जागेवर.

आणि जुने म्हणजे खरोखर जुने. रस्त्यावर नवीकोरी फॅशन कमी दिसते. गडद हिरवी, करडी, तपकिरी लोकर, वर्षानुवर्षं वापरलेली पण ब्रश केलेली, पायात पॉलिश केलेले बूट, गळ्यात एखादा रंगीत स्कार्फ. लोडेन नावाचं कापड बरंच दिसलं, लोकर विणून मग पाण्यात आटवून घट्ट केलेली, त्यामुळे रिमझिम पाऊस वरच्या वर ओघळून जातो. छत्री न घेता चाललेले आजोबा दिसले की समजायचं लोडेन आहे.

शनिवार

शनिवारी नाशमार्क्ट ह्या मोठ्या मंडईच्या टोकाला, केटेनब्र्युकेनगासे स्टेशनपाशी जुना बाजार भरतो. सकाळी लवकर गेलो. चिनी मातीचे सुटे कप, चांदीचे काटे-चमचे, फोटो, फरच्या टोप्या, चाव्या, सगळं जमिनीवर मांडलेलं. मावशीला एका बाईंकडं बटणांचा डबा सापडला. शिंग, काच, शिंपला. शिंपल्याची बटणं करणारे कारागीर एकोणिसाव्या शतकात इथं खूप होते. भाषा येत नाही तरी मावशी आणि त्या बाई अर्धा तास बोलत होत्या, ही मराठीत, त्या जर्मनमध्ये, दोघी बटण उजेडात धरून मागची बाजू दाखवताहेत. शेवटी त्या बाईंनी एकसारखी सहा बटणं शोधून दिली आणि सातवं तसंच दिलं, वरून. मावशी म्हणाली, "यांना कळतंय, एक बटण नेहमी हरवतं."

मान वर केली तर समोरच वास्तुकार ओटो वाग्नरचं माजोलिका हाऊस, १८९८-९९ चं. सगळ्या भिंतीवर टाइल्स आणि त्यावर गुलाबी फुलांच्या वेली वर चढत गेलेल्या, खाली तुरळक आणि वर दाट. लोक त्यात राहतात, खिडकीत कुणीतरी गादी वाळत घातली होती.

तिथून चालत झेत्सेसियोन, म्हणजे चित्रांच्या प्रदर्शनांची इमारत, सोनेरी पानांचा घुमट, आणि त्याच्या जवळच कॅफे म्युझियम. १८९९ मध्ये हे पण लोसनंच केलं होतं, इतकं साधं की लोकांनी त्याला "कॅफे निहिलिस्मुस" नाव पाडलं. आता आतलं रूप नंतरच्या काळातलं आहे, लाल सोफे वगैरे. तिथं एस्टरहाझी टोर्ट खाल्ली, बदाम-हेझलनटचे पातळ थर, मधे बटरक्रीम आणि वर पांढऱ्या आयसिंगवर चॉकलेटच्या रेघांची नक्षी. चॉकलेटच्या केकांपुढं ही दुर्लक्षित राहते पण माझ्या मते व्हिएन्नात एकच केक खायचा असेल तर हा खावा. हो, झाखरच्या आधी.

मग कार्ल्सप्लात्सवरचं वीन म्युझियम, कायमचं प्रदर्शन फुकट आहे. मला तिथं मावशीला एमिली फ्ल्योगे दाखवायची होती. चित्रकार क्लिम्टनं १९०२ मध्ये काढलेलं तिचं पोर्ट्रेट, निळ्या-जांभळ्या लांब ड्रेसमधलं, ह्या म्युझियमचं. लोक तिला क्लिम्टची मैत्रीण म्हणून ओळखतात पण ती स्वतः मोठी ड्रेसमेकर होती. १९०४ मध्ये तिनं बहिणींबरोबर मारियाहिल्फर रस्त्यावर कासा पिकोला नावाच्या इमारतीत सलून उघडलं, आतलं फर्निचर योसेफ होफमान आणि कोलोमान मोझर ह्या डिझायनरांचं. तिच्याकडचे रिफॉर्म ड्रेस खांद्यावरून सैल खाली येणारे, आत कॉर्सेट नाही, बाईला श्वास घेता यावा, जिना चढता यावा असे. १९३८ मध्ये नाझी आल्यावर ते सलून बंद झालं, तिच्या बऱ्याच गिऱ्हाईक ज्यू होत्या. मावशीनं पोर्ट्रेटमधल्या बाह्यांचा अंदाज घेतला, हातानं हवेत घेर दाखवला आणि म्हणाली, "सगळा भार खांद्यावर घेतलाय. कंबर मोकळी. फार शहाणी बाई." मग परत एकदा जाऊन बघून आली.

संध्याकाळी कॅफे हावेल्का. लेओपोल्ड आणि योसेफिने ह्या नवरा-बायकोनं १९३९ मध्ये सुरू केलेलं, लढाईनंतर परत उघडलेलं, आणि लेखक-चित्रकारांचा अड्डा झालेलं. काळपट लाकूड, भिंतीवर पोस्टरच पोस्टर, उजेड कमी. इथं रात्री आठच्या सुमाराला बुख्टेल्न निघतात, म्हणजे आत आलुबुखाराचा आटवलेला जॅम भरलेले गोड पाव, एकमेकांना चिकटून भाजलेले, वरून पिठीसाखर. आम्ही साडेसातलाच जाऊन बसलो. आठ वाजता आतून असा वास आला की सगळ्या टेबलांवरचं बोलणं एकदम मोठ्यानं सुरू झालं. गरम गरम, हातानं तोडायचे, बोटांना जॅम लागतोच. एक प्लेट संपल्यावर दुसरी मागवली, आणि तीच जेवण.

रविवार

रविवारी व्हिएन्नात दुकानं बंद. सुपरमार्केट पण, मोठ्या स्टेशनांवरची सोडली तर. आधी माहीत असेल तर शनिवारी दूध-ब्रेड घेऊन ठेवावं. पण कॅफे चालू असतात, त्यामुळे रविवारचं अख्खं शहर कॅफेत किंवा बागेत.

आम्ही माक नावाच्या उपयोजित कलेच्या म्युझियममध्ये गेलो. तिथं एका दालनात टोनेट ह्या फर्निचर कंपनीच्या खुर्च्या पडद्यामागं ठेवल्यात आणि आपल्याला फक्त त्यांच्या सावल्या दिसतात. वाकवलेल्या लाकडाच्या रेषा, गोल पाठी. टोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची, बीचचं लाकूड वाफेवर वाकवून फक्त सहा तुकड्यांत केलेली, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या, म्हणून ती जगभर गेली आणि कॅफेची खुर्ची म्हणलं की आजही तीच डोळ्यांसमोर येते. श्पेर्लमध्ये आम्ही त्याच घराण्यातल्या खुर्च्यांवर बसलो होतो.

समोरच कॅफे प्र्युकेल, १९५० च्या दशकातलं रूप अजून जपलेलं, फिकट रंग, त्या काळातले दिवे, मोठ्या काचा. इथं आइनश्पेनर घेतली, काचेच्या ग्लासात काळी कॉफी आणि वर क्रीमचा जाड थर. ढवळायची नाही, गार क्रीममधून गरम कॉफी ओढायची. शेजारी एक तरुण जोडपं लहान मुलीला घेऊन आलेलं, तिला पण पाण्याचा ग्लास, चमचा पालथा ठेवून, मोठ्यांसारखाच. तिनं तो चमचा उचलून नीट बशीत ठेवला. मावशी फिदा.

इथंच मी तिला कॉफी इथं आली कशी ते सांगितलं. लोकप्रिय कथा अशी की १६८३ चा तुर्कांचा वेढा उठल्यावर मागं राहिलेली कॉफीची पोती कोल्शित्स्की नावाच्या माणसाला मिळाली आणि त्यानं पहिलं दुकान काढलं. पण कागदोपत्री पहिला परवाना १६८५ मध्ये योहानेस डिओडाटो नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळाला. पुतळा मात्र कोल्शित्स्कीचा आहे. मावशीला डिओडाटोचं वाईट वाटलं, मलाही.

दुपारी प्राटर ह्या मोठ्या बागेतल्या हाउप्टआलेवर चाललो, सरळ चार किलोमीटरच्या वर रस्ता, दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं, पानं पिवळी होऊन पडत होती. रविवारचे कपडे वेगळे कळतात इथं. तीन पिढ्या एकत्र चालताहेत, आजोबा हॅट घालून, नातू धावायच्या बुटांत, आणि कुणी कुणाला घाई करत नाही.

सोमवार

निघायचा दिवस. सकाळी मारियाहिल्फरवरून कासा पिकोलाच्या इमारतीसमोर जाऊन आलो, मावशीला नुसतं बाहेरून तरी बघायचं होतं कुठल्या खिडक्यांमागं शिवण चालायचं. पाच मिनिटं उभी राहिली, फोटो नाही काढला.

मग आयडा. १९१३ पासूनची कॅफेंची साखळी, सगळं गुलाबी, पाट्या गुलाबी, काम करणाऱ्यांचे कपडे गुलाबी. जुन्या शहरातल्या भव्य कॅफेंनंतर इथं यावंच, कारण इथं शहरातले नेहमीचे लोक येतात, भाजीच्या पिशव्या घेऊन, कामावर जाता जाता. मी पुन्शक्राप्फेन घेतलं, गुलाबी आयसिंगचा छोटा चौकोनी केक, आत जर्दाळू जॅम आणि रममध्ये भिजलेला केकचा चुरा. रम चांगलीच लागते, कुणाला चालत नसेल तर आधी विचारा. मावशीनं साधा गुगेलहुप्फ घेतला, मधे भोक असलेला, पिठीसाखर भुरभुरलेला. शेजारच्या टेबलावर दोन मजूर, अंगावर कामाचे कपडे, रंगाचे डाग पडलेले, समोर क्रीमचा केक आणि काटा-चमचा. केक इथं वाढदिवसाची वाट बघत नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता पण खातात आणि बसून, बशीत, नीट खातात.

पैसे देताना वेटरला रक्कम वर गोल करून सांगायची, साधारण दहा टक्के धरून, टेबलावर ठेवून निघून जायची पद्धत नाही. हे मावशी आता इतकं झकास करते की मीच तिच्याकडं पाकीट देऊन टाकलं.

वीन मिट्टे स्टेशनहून एस-सेव्हन लोकल पकडली, थेट विमानतळावर जाते. झाखर टोर्टचा लाकडी डबा माझ्या मांडीवर, तो केक बरेच दिवस टिकतो म्हणून बिनधास्त घेतला. मावशीनं पर्समधून वही काढली, पेन मागितलं आणि एक कोट काढायला लागली, मुंढा वर, बटणं सहा. "खांद्याला माया जास्त ठेवायची," ती म्हणाली, "म्हणजे पुढं पोरीला पण होईल."